पाणथळ बाग करताय? मग कागदाला भोकं पाडा

माझ्या आजीच्या परसात न्हाणीचं सांडपाणी जिथे जाऊन मुरायचं तिथे अळू होतं, कर्दळ होती आणि जरा पलीकडे दोन केळी. त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं की पचकन आवाज यायचा, उचललं की ठशात पाणी भरायचं. तरीही तिथे डबकं कधी दिसलं नाही आणि वासही कधी आला नाही. आता नर्सरीवाले याच प्रकाराला ‘बॉग गार्डन’ म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. घेऊ देत. पण करायची पद्धत सांगताना चार वाक्यांत उरकतात: खड्डा खणा, प्लास्टिक अंथरा, माती भरा, झाडं लावा. पाचवं वाक्य कुणी सांगत नाही, आणि सगळी बाग त्या पाचव्या वाक्यावर उभी असते.

साताऱ्यात माझ्या अंगणात हा उद्योग मी तीनदा केला. त्यातला दोनदा फसला. त्यानंतर सांगलीला नणंदेकडे आणि इतर नातेवाइकांच्या दारात मिळून पाच बागा झाल्या, त्या सगळ्या धड आहेत. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यात फसलेल्या दोन बागांचा वाटा जास्त आहे.

पाणथळ म्हणजे काय ते साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलेल्या माणसाला लवकर कळतं. पठारावर खाली सलग जांभा कातळ, वर वीतभर, कुठे बोटभर माती. जूनपासून पाऊस कोसळतो, पाणी कातळात शिरू शकत नाही, मग ते मातीतून आडवं झिरपत उताराकडे सरकत राहतं. सीतेची आसवं, गेंद ही सगळी तिथली फुलझाडं त्या सरकत्या पाण्यात उभी असतात. पाणी अडलेलं आहे, पण थांबलेलं नाही. आपल्याला अंगणात एवढंच करायचं आहे. कातळाच्या जागी प्लास्टिकचा कागद येणार, आणि सरकण्याची सोय आपण करायची.

जागा आणि खड्डा

सकाळचं चार-पाच तास ऊन, दुपारी सावली अशी जागा उत्तम. घराच्या भिंतीपासून सहा-सात फूट लांब, सेप्टिक टँकपासून त्याहून लांब. आंब्याच्या किंवा कुठल्याही मोठ्या झाडाखाली नको, मुळं कागद फोडतात. जमीन अंगणात सगळ्यात सखल असेल तर बरंच, पण रस्त्याचं गटाराचं पाणी आत येत असेल अशी जागा सोडा.

माप सहा फूट बाय चार फूट, खोली दीड फूट. यापेक्षा लहान केली तर उन्हाळ्यात दोन दिवसांत सुकते, आणि यापेक्षा मोठी पहिल्या खेपेला करू नका. मृग लागायच्या आत, म्हणजे मे महिन्यात खणून ठेवा.

खणून झाल्यावर कागद अंथरायच्या आधी खड्ड्यात सात-आठ बादल्या पाणी ओता आणि तासाभराने येऊन बघा. पाणी सगळं गायब असेल तर तुमच्याकडे मुरूम आहे. बरंचसं तसंच असेल तर काळी माती आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कागद

शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद आणा. शेततळ्याचं काम करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात, ते स्वस्तात देतात. आपल्याला दहा फूट बाय आठ फुटाचा तुकडा लागतो. निळी-पिवळी ताडपत्री आणू नका, दोन उन्हाळ्यांत तिचा भुगा होतो. खड्ड्यातले टोकदार दगड वेचा, तळाला जुनी पोती टाका, त्यावर कागद. झालं.

भोकं

इथे थांबा.

माझी पहिली बाग ज्या सल्ल्यावर झाली तो असा होता की, ‘कागद फाटू देऊ नका, एक थेंब बाहेर जाता कामा नये.’ मी अगदी मन लावून केलं. एकही भोक नाही, कडा जमिनीच्या वर चार बोटं उचललेल्या, विटा लावून घट्ट केलेल्या. जून छान गेला. जुलैत साताऱ्याचा पाऊस सुरू झाला तसा त्या खड्ड्याचा हौद झाला. वर दोन इंच पाणी, खाली काय चाललंय ते दिसायला मार्ग नाही. तिसऱ्या आठवड्यात अळूची पानं पिवळी पडायला लागली. एका सकाळी एक कंद उपटून बघितला तर मुळं काळी, बोटांत धरली की साल निसटून येत होती, आणि सडक्या अंड्याचा असा भपकारा आला की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. माती पाण्याने पूर्ण भरली आणि पाणी हललंच नाही की त्यातला प्राणवायू संपतो. मग ज्यांना प्राणवायू लागत नाही ते जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वास त्याचा. पाणथळीतली बरीच झाडंसुद्धा त्यात टिकत नाहीत, कारण त्यांना ओलं हवं असतं, कोंडलेलं नको असतं.

पुढच्या वर्षी मी चिडून दुसऱ्या टोकाला गेले. नवा कागद टाकला आणि कोयत्याने त्याला हव्या तितक्या चिरा मारल्या. वास गेला. पाणीही गेलं. आमच्याकडे खाली मुरूम, त्यामुळे होळीपर्यंत बाग कोरडी ठाक, आणि चिरा तर दर महिन्याला वाढतच होत्या, कारण चिरलेला कागद मातीच्या वजनाने पुढे फाटत जातो.

तिसऱ्या वेळी जमलं. तेव्हापासून पद्धत बदललेली नाही.

चिरा मारायच्या नाहीत. तीन इंची खिळा पकडीत धरून गॅसवर तापवायचा आणि कागदावर टेकवायचा. कागद वितळून गोल भोक पडतं आणि त्याच्या काठाला वितळलेल्या प्लास्टिकची जाडसर कड येते. ती कड भोक पुढे फाटू देत नाही. दाभणाने पाडलेलं भोक मातीच्या दाबाने पुन्हा मिटतं, तो नाद करू नका. खिळा तापवताना खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो.

किती भोकं? मघाशी खड्ड्यात पाणी ओतून बघितलं त्याचं उत्तर इथे. मुरूम असेल तर तळाला तीन. काळी माती असेल तर सहा. यापेक्षा जास्त सुरुवातीला पाडू नका, कारण भोक नंतर वाढवता येतं, बुजवता येत नाही. माती भरून झाल्यावरही लोखंडी सळई वरून खुपसून आणखी एक भोक पाडता येतं. उलट जास्त झालेलं भोक बंद करायला साठ घमेली चिखल उपसावा लागतो. मी उपसला आहे.

भोकं मधोमध एकत्र नकोत, तळभर विखुरलेली हवीत. सांगलीसारखी काळी माती असेल तर आणखी एक काम आहे: प्रत्येक भोक जिथे येणार त्याच्या खाली ओंजळभर मावेल एवढा छोटा खळगा करून त्यात बारीक खडी भरा, मग कागद टाका. नणंदेकडे हे केलं नव्हतं. ओली काळी माती फुगून खालून भोकांना अशी चिकटली की भोकं असून नसल्यासारखी. सहाची नऊ केली तरी पाणी जाईना, शेवटी सगळं काढून खडी घातली.

आता कडा. कागदाची कड जमिनीच्या वर आणायची नाही, जमिनीच्या दोन बोटं खालीच ठेवायची आणि त्यावर दगड मांडायचे. उताराच्या बाजूला वीतभर रुंदीत ती आणखी दोन बोटं खाली दाबा. हा तुमचा सांडवा. धरणाला असतो तसाच, आणि त्याच कारणासाठी. जुलैत एका रात्रीत जे पाणी येतं ते तळाच्या तीन भोकांनी जात नाही, ते इथून जायला हवं. सांडव्याबाहेर चार दगड टाका, नाहीतर तिथली माती वाहून जाते.

भोकं कुठे पाडली त्या रेषेत कडेच्या दगडांवर ऑइलपेंटने ठिपका द्या. दोन वर्षांनी तुम्हाला आठवणार नाही.

पाईप

तळाला दोन इंच खडी पसरा. त्यावर एक इंची पीव्हीसी पाईप लांबीला आडवा ठेवा, त्याला वीतभर अंतरावर ड्रिलने भोकं पाडलेली, एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला एल्बो लावून उभा तुकडा जमिनीच्या वर अर्धा फूट येईल असा. सगळ्यावर हिरव्या नेटचा तुकडा, म्हणजे माती खडीत शिरत नाही.

या पाईपाने पाणी खालून देता येतं. पण माझ्या दृष्टीने त्याचं खरं काम दुसरंच आहे: त्यात काठी घातली की पाणी किती खोल आहे ते दिसतं. वरची माती बघून अंदाज बांधणाऱ्यांच्या बागा मी बघितल्या आहेत. वरून भेगा पडलेल्या आणि खाली चिखल कुजलेला, किंवा वरून ओलं दिसतंय म्हणून खूश आणि खाली सगळं कोरडं. काठी खोटं बोलत नाही. पाईपाच्या तोंडाला टोपण मात्र हवंच. माझं टोपण एकदा हरवलं आणि पंधरा दिवसांत त्या इंचभर पाईपात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

माती

नुसती काळी माती भरू नका. अंगणातून निघालेली आहे, फुकट आहे, ओलावा धरते, हे सगळं खरं. पण ओली असताना तिच्यात हवा राहत नाही आणि वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांत मुळं तुटतात. नुसती वाळूही नको, नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) तर नकोच नको.

माझं प्रमाण दहा घमेल्यांचं आहे. चार घमेली तांबडी माती किंवा नदीकाठचा पोयटा, तीन घमेली जाड वाळू (हल्ली क्रश सँडच मिळते, चालते, पण वरची भुकटी चाळून टाका), दोन घमेली कोकोपीट आणि एक घमेलं शेणखत. अशा सहा-सात फेऱ्यांत खड्डा भरतो. काळी माती घालायचीच असेल तर चारपैकी एक घमेलं.

दोन गोष्टींत लोक घाई करतात. एक, शेणखत. ते पूर्ण कुजलेलं, हातात घेतल्यावर मातीसारखा वास येणारं असलं पाहिजे. अर्धं कच्चं शेण ओल्या मातीत गेलं की उरलेलं कुजणं तिथे करतं, प्राणवायू खातं, आणि आपण पुन्हा सडक्या अंड्यांवर. ‘जास्त खत घातलं तर जास्त जोमाने येईल’ हा सल्ला पाणथळीत चालत नाही. दोन, कोकोपीट. विटा आणून भिजवल्या की लगेच मिसळू नका. तीन वेळा पाण्यात भिजवून पिळून काढा. हलक्या प्रतीच्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. मीठ हा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

भरताना पायाने तुडवू नका. भरा, पाणी सोडा, बसू द्या, पुन्हा भरा. पहिल्या पावसाळ्यानंतर माती दोन-तीन इंच खाली जाते, तेव्हा वर टाकायला चार घमेली बाजूला ठेवा.

मोजणी

माती काठोकाठ भिजली, पाईपातलं पाणी मातीच्या बरोबरीला आलं की थांबा. काठीवर खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा काठी घाला. ढगाळ दिवस निवडा, नाहीतर उन्हाने उडालेलं पाणी भोकांच्या नावावर जातं.

चार बोटं उतरलं असेल तर भोकं बरोबर आहेत. एकच बोट उतरलं तर दगडावरच्या ठिपक्यांपासून लांब जागा बघून सळई खुपसा आणि परत मोजा. वीतभर उतरलं तर भोकं जास्त झाली. तेव्हा चिकणमातीचं पातळ कालवण करून पाईपातून दोन-तीनदा सोडा. थोडा फरक पडतो. पडला नाही तर उपसण्यावाचून इलाज नाही, म्हणून तर कमीपासून सुरुवात करा म्हटलं.

ही मोजणी करायला दोन-तीन दिवस जातात. झाडं त्यानंतर लावा. नर्सरीतून झाडं आधी आणून ठेवली की हात शिवशिवतात आणि मोजणी राहून जाते.

पाणी, आणि मीठ कसं फुटतं

तिसरी बाग दीड वर्ष उत्तम चालली. दुसऱ्या एप्रिलात अळूच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. मला वाटलं ऊन. हिरवी नेट बांधली, पाणी वाढवलं. कडा आणखी जळाल्या. मातीवर पांढरट पापुद्रा दिसायला लागला, तो मी बुरशी समजून खरवडून काढत होते.

त्याच सुमारास आमचे आण्णा आले. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, नदीकाठचं. उसाला पाणी देऊन देऊन ज्या पट्ट्यातली रानं चोपण, म्हणजे क्षार साठून नापीक झाली त्यातलंच आमचंही एक रान. आण्णांनी चप्पल काढली, उकिडवे बसले, पापुद्र्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

“खारट हाय. चोपण केलीस की गं अंगणात.”

मी म्हटलं, पाणी तर रोज देते.

“पाणी द्यायला कुणालाबी येतंय. काढायला आलं पायजे.”

त्यांच्या रानात ते सच्छिद्र पाईप जमिनीखाली घालून घेतल्यावर सुधारलं, हे मला माहीत होतं. माझ्या सहा फुटी खड्ड्यात तेच चाललंय हे डोक्यात आलं नव्हतं. झालं होतं असं की, त्या उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी आलं म्हणून मी बोअरचं पाणी देत होते. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार तिथेच राहतात. रोज दोन बादल्या म्हणजे रोज चिमूटभर क्षार, आणि एवढ्या उन्हात मी पाणी जेमतेम उडण्यापुरतंच घालत होते, त्यामुळे भोकांतून काहीच बाहेर जात नव्हतं. भोकं होती, पण त्यातून वाहायला पाणीच उरत नव्हतं.

त्यानंतरचा माझा नियम असा. मे महिन्यात या मापाच्या बागेला रोज दोन-तीन बादल्या लागतात, हिवाळ्यात एका दिवसाआड एक. पाणी मातीच्या चार बोटं खाली राहिलं पाहिजे, काठी घालून बघा. आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा सकाळी, वरून, एकदम दहा-बारा बादल्या चांगलं पाणी सोडा, सांडव्यावरून वाहेपर्यंत. पाणी वाया गेल्यासारखं वाटतं, मलाही वाटतं. पण त्याच्याबरोबर जे वाहून जातं ते जायलाच हवं. पावसाळ्यात हे काम पाऊस करतो.

चांगलं पाणी कोणतं? पावसाचं सगळ्यात चांगलं. पन्हळीखाली २०० लिटरचा पिंप ठेवा, तोंडाला जाळी बांधा. एसीतून गळणारं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. नळाचं चालतं. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडवायची गरज मला या झाडांसाठी कधी वाटली नाही. बोअरचं नाइलाज असेल तर, आणि मग महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी धुलाई. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको. ‘पाणी वाचवा, आरओचं पाणी बागेला घाला’ असं सगळे सांगतात. त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार गोळा होऊन आलेले असतात. फरशी पुसा, गाडी धुवा. पाणथळीत घातलंत तर माझ्या आण्णांना जीभ लावायला बोलवावं लागेल. न्हाणीचं पाणीही आजीच्या काळातलं राहिलेलं नाही. तेव्हा शिकेकाई आणि डाळीचं पीठ होतं, आता शाम्पू आणि फिनेल आहे.

झाडं

मागे कर्दळ आणि सोनटक्का. सोनटक्क्याला दुपारची सावली लागते, ती मिळाली तर पावसाळा सरताना त्याचा वास फाटकापर्यंत येतो. मध्ये अळू आणि वेखंड. वेखंडाचं पान चुरगाळून बघा, बाळंतिणीच्या खोलीचा वास. अळू वडीचंच लावा, शोभेचं कशाला? पुढे छत्रीसारखं दिसणारं अंब्रेला पाम एखादं, आणि सगळ्या उघड्या मातीवर ब्राह्मी. ब्राह्मी मागताना मात्र लक्ष ठेवा. बऱ्याच नर्सऱ्यांत ब्राह्मी म्हणून गोल, कंगोरेदार पानांची मंडूकपर्णी हातात देतात. तीही पाणथळीत छान येते, पण ब्राह्मीची पानं बारीक, जाडसर असतात आणि ती मातीवर सतरंजीसारखी पसरते. माती झाकली की पाणी कमी उडतं, मीठही कमी फुटतं.

पहिल्याच दिवशी जागा भरून टाकायचा मोह आवरा. कर्दळीचे तीन कंद पुरे, वर्षात त्यांचे तीस होतात.

ओढ्याकाठचं पाणकणीस दिसायला देखणं आहे, आणू नका. त्याची खोडं जमिनीखालून धावतात, इतर सगळ्यांना ढकलून देतात. जलपर्णीबद्दल कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. लव्हाळा बोलावला नाही तरी येतो. नुसता वर खेचू नका, खालची गाठ निघाली पाहिजे.

आणि कासवरून काही आणू नका. तो भाग २०१२ पासून जागतिक वारसास्थळात आहे, तिथलं रोप उपटणं गुन्हा आहे, आणि आणलंत तरी जगणार नाही. उदाहरणार्थ वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावातच आपला जिल्हा आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. पावसात दुहेरी तुरा काढतो, पठार कोरडं पडलं की कंद जमिनीत झोपतो. तुमच्या बारमाही ओल्या अंगणात त्याला झोपायला मिळणार कुठे? ‘दवबिंदू’ नावाच्या रोपासारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पतींची गोष्ट आणखी वेगळी. निकृष्ट मातीत अन्न मिळत नाही म्हणून तर त्या किडे धरतात. आपल्या शेणखताच्या मातीत त्या महिनाभर टिकत नाहीत. हौसच असेल तर नर्सरीतलं रोप घ्या, वेगळ्या कुंडीत पीटमॉस आणि धुतलेली वाळू, फक्त पावसाचं पाणी, खत शून्य.

डास

शेजारी विचारणारच. उत्तर असं: डासाला अंडी घालायला उघडं पाणी लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस ते तिथेच टिकावं लागतं. बरोबर केलेल्या पाणथळीत उघडं पाणी नसतंच. वरती डबकं दिसत असेल तर तुमचा सांडवा चुकला आहे किंवा माती बसली आहे. ते दुरुस्त करा, औषध फवारू नका. माझ्याकडे दुसऱ्याच पावसाळ्यात बेडूक आले आणि संध्याकाळी चतुर घिरट्या घालू लागले. शेजारच्या काकूंनी खिडकी परत उघडली आहे.

वर्षभराची कामं

रासायनिक खत नाही. ते म्हणजे पुन्हा मीठच. दर मेमध्ये वरून बोटभर कुजलेलं खत पसरलं की पुरतं.

फुलून गेलेली कर्दळ बुडापासून कापा. दोन वर्षांनी फेब्रुवारीत कंद वेगळे करून अर्धे वाटून टाका. अळूवर शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी येते, एका रात्रीत पान फस्त करते, सकाळी हाताने वेचा. पावसात गोगलगायी येतात. रात्री बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ मातीवर फेकू नका. एका नातेवाइकाने फेकलं होतं.

पूर येणाऱ्या भागात असाल तर एक अनुभव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नणंदेची बाग आठवडाभर कृष्णेच्या पाण्याखाली होती. कर्दळ, वेखंड परत फुटले. ब्राह्मी गाळाखाली गेली. त्या गाळाने मातीची सगळी छिद्रं बुजली होती, ते दिसत नव्हतं, काठीने दाखवलं: पाणी दोन दिवसांत बोटभरही उतरलं नाही. वरचा गाळ खरवडून, वाळू मिसळून सगळं परत भरावं लागलं.

पूर आला नाही तरी कर्दळीची मुळं दोन-तीन वर्षांत भोकांत जाऊन बसतात. म्हणून मे संपायच्या आत पाणी काठोकाठ भरून एकदा परत मोजा. चार बोटं उतरत नसेल तर सळई काढायची आणि दगडावरच्या ठिपक्याच्या रेषेत, कंद टाळून, तळाला टक्क वाजेपर्यंत खुपसायची.